हाताला बसणारी बॅट कशी निवडावी

कुडाळात माझं बॅट दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दांडा बदलणं, ग्रिप चढवणं, दोरा गुंडाळणं, पाठ तासणं ही रोजची कामं, आणि संध्याकाळी वाडीतल्या पोरांचा सराव घेतो. डिसेंबरपासून मे संपेपर्यंत सिंधुदुर्गात गावोगाव टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा चालतात, तेव्हा दुकानात बॅटींचा ढीग पडतो. त्यातल्या बऱ्याच बॅटींना काहीही झालेलं नसतं. "काका, हीतून बॉल जात नाही" अशी तक्रार असते, मी मोगरीने ठोकून बघतो तर लाकूड उत्तम. मग पोराला बॅट धरून उभं करतो आणि कारण समोर दिसतं. बॅट मुंबईहून मामाने आणलेली असते, थोरल्या भावाने सोडलेली असते, नाहीतर कुणाला तरी बक्षिसात मिळालेली असते. ज्याच्या हातात ती जाणार, त्याचं माप कुणीच घेतलेलं नसतं.

हे माप घरच्या घरी घेता येतं. शिवणाची टेप, किराणा दुकानातला वजनकाटा आणि अर्धा तास एवढंच लागतं. महागड्या बॅटीपेक्षा मापाची बॅट जास्त धावा देते हे मी रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चेंडू ठरवा

लॉन टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. सीझनचा, म्हणजे लेदरचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम, जवळजवळ पावणेतीन पट. मुलींच्या आणि महिलांच्या सामन्यात तो १४० ते १५१ ग्रॅमचा, तेरा वर्षांखालच्या पोरांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा. आपल्याकडच्या स्पर्धांतला जड टेनिस चेंडू साध्या टेनिसपेक्षा वजनदार, पण लेदरपुढे तोही हलकाच.

टेनिस चेंडूची बॅट काश्मीर विलोच्या लाकडाची, जाड कडांची आणि पाठीत खोबण काढून हलकी केलेली असते. तिने लेदर खेळलात तर ती टोकाला किंवा दांड्याच्या सांध्याला फाटते, आणि फाटलेलं टोक चिकटवून बॅट पूर्वीसारखी होत नाही. उलट टेनिससाठी इंग्लिश विलो घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ते मऊ लाकूड आणि त्यावरचा दाब लेदरच्या टणक चेंडूसाठी केलेला असतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाणाऱ्या पोराने दोन बॅटी ठेवाव्यात. परवडत नसेल तर लेदरची एक, आणि टेनिसला मित्राची.

लेदरच्या बॅटीला क्रिकेटच्या नियमांची मर्यादा आहे, तीही बघून घ्या. लांबी ९६.५ सेंटिमीटरपर्यंत, रुंदी १०.८ पर्यंत आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून कड जास्तीत जास्त ४ सेंटिमीटर, एकूण जाडी ६.७ सेंटिमीटर. टेनिसच्या कित्येक बॅटींच्या कडा याहून जाड असतात. गावच्या स्पर्धेत कुणी हरकत घेत नाही, पण तीच बॅट घेऊन लेदरच्या सामन्याला गेलात तर पंच ती बाजूला ठेवायला लावू शकतात.

लांबी

ज्या पायांनी खेळता त्याच पायांनी मापाला उभे राहा. बुटात खेळत असाल तर बूट घालून, अनवाणी खेळत असाल तर अनवाणी. नेहमीसारखा पवित्रा घ्या. बॅटीचं टोक मागच्या पायाच्या करंगळीशेजारी टेका आणि दांड्याचं वरचं टोक आत, मांडीच्या वरच्या भागावर टेकू द्या. दांडा तिथे सहज विसावला तर लांबी बरोबर. पोटात टोचला तर बॅट मोठी. मांडीच्या मध्यावरच राहिला तर लहान.

आता दोन्ही हातांनी बॅट धरा आणि कुणाला तरी समोरून बघायला सांगा. बॅट लहान असेल तर कंबर फार वाकते आणि डोकं ऑफ साइडला कलतं. मोठी असेल तर वरच्या हाताचं कोपर बाहेर ढकललं जातं, पोरगं नकळत दांड्याच्या खाली खाली धरायला लागतं आणि वरचा मोकळा दांडा प्रत्येक फटक्याला मनगटाला नाहीतर पोटाला लागतो. डोळे समांतर, खांदे सैल आणि टोक जमिनीला जेमतेम टेकलेलं, असं दिसलं की जमलं.

ढोबळ आकडे असे. उंची पावणेपाच ते पाच फूट असेल तर ४ नंबर, पाचच्या थोडं वर ५ नंबर, पाच-दोन किंवा पाच-तीनला ६ नंबर, तिथून पाच-सहापर्यंत हॅरो, आणि त्याच्या वर शॉर्ट हँडल, जी मोठ्यांची नेहमीची बॅट. लाँग हँडल सहा फूट दोन इंचांच्या वरच्यांनीच बघावी. कंपनीगणिक अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होतं, तेव्हा नंबर वाचून बॅट घेऊ नका, वरचं माप घेऊनच घ्या. दोन नंबरांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या.

इथे आयांशी माझा नेहमी वाद होतो. "जरा मोठीच देवा, दोन वर्सां तरी जावक होयी." त्यांचं चुकत नाही, पैसे कष्टाचे असतात. पण गणवेशाला दुमड घालता येते, बॅटीला येत नाही. मोठी बॅट उचलायला पोराचा खालचा हात जोर लावतो, बॅट सरळ न येता आडवी येते, आणि ती आडवी सवय दोन वर्षांत इतकी मुरते की पुढे मापाची बॅट मिळाली तरी जात नाही. उरलेली लहान बॅट फुकट जात नाही. वाडीत तिची वाट बघणारा कुणीतरी लहान असतोच, अर्ध्या किमतीत ती त्याच दिवशी जाते.

वजन आणि उचल

सगळ्यात जास्त घोळ वजनात होतो, म्हणून इथे घाई करू नका.

लेदरच्या बॅटीचं वजन दुकानदार पौंड आणि औंसांत सांगतात. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. दोन पौंड आठ औंस म्हणजे ११३४ ग्रॅम, दोन पौंड दहा म्हणजे ११९१ आणि तीन पौंड म्हणजे १३६१ ग्रॅम. मोठ्या माणसाच्या बहुतेक बॅटी पहिल्या दोन आकड्यांच्या आसपास असतात. टेनिसच्या बॅटी ग्रॅमवर विकल्या जातात, बहुतेक हजारच्या अलीकडेपलीकडे.

पोरं सचिनचं नाव काढतात. सचिन तीन पौंडांच्या वरची बॅट वापरायचा हे खरं, आणि तो ती दांड्याच्या खाली, पात्याजवळ धरायचा हेही खरं. हात पात्याजवळ आला की जड बॅट आवाक्यात येते. ब्रॅडमन सव्वादोन पौंडांच्या आसपासच्या बॅटीने खेळायचे. त्या दोघांचे आकडे त्यांच्या हातांचे होते. आपला आकडा आपल्या हाताला विचारायचा, तो असा.

पहिली चाचणी. फक्त वरच्या हाताने दांडा धरा. उजव्या फलंदाजाचा वरचा हात म्हणजे डावा. हात खांद्याच्या उंचीला सरळ पुढे करा, बॅट जमिनीला समांतर, टोक समोर. सावकाश दहा आकडे मोजा. टोक खाली झुकलं किंवा कोपर वाकलं तर बॅट जड आहे.

दुसरी चाचणी. पवित्रा घ्या, बॅट मागे उचला आणि फटका मारायला निघा. मध्येच कुणीतरी "थांब" म्हणेल. तिथल्या तिथे बॅट थांबली पाहिजे. चेंडू शेवटच्या क्षणी वळला किंवा खाली राहिला तर फटका आवरता आला पाहिजे, त्याचीच ही परीक्षा. जी बॅट थांबत नाही ती तुम्हाला ओढत नेते.

तिसरी चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि नेमकी तीच सगळं सांगते. वीस मिनिटं चेंडूशिवाय फटके मारा. सरळ ड्राइव्ह, मग पूल, मग कट, मधे चार पावलं पळून या. त्यानंतर पहिली चाचणी पुन्हा करा. वेंगुर्ल्याकडचा एक मुलगा अशीच बॅट घेऊन आला होता. पहिल्यांदा धरली तेव्हा म्हणाला, "काका, हलकी आसा." वीस मिनिटांनी धरली तेव्हा सहा मोजेपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग थरथरायला लागला, मग मनगट आत वळलं आणि आठला टोक पायाच्या बोटांकडे गेलं. "हात भरान इलो." सहा ओव्हरच्या सामन्यात पाचव्या ओव्हरला याचे फटके हवेत का जायचे, ते त्या थरथरण्यात दिसत होतं. त्याला साठ ग्रॅम हलकी बॅट दिली आणि तीच तिसरी चाचणी पुन्हा घेतली; या वेळी टोक हललं नाही.

आता उचल, म्हणजे बॅट उचलताना हाताला किती जड लागते ते. काट्यावर ११५० ग्रॅम भरणाऱ्या दोन बॅटी हाताला अगदी वेगळ्या लागतात, कारण लाकूड कुठे आहे त्यावर उचल ठरते. बॅट आडवी करून एका बोटावर तोला. जिथे ती समतोल राहते तिथे खडूची रेघ ओढा आणि दांड्याच्या वरच्या टोकापासून अंतर मोजा. दोन बॅटी सारख्या लांबीच्या आणि सारख्या वजनाच्या असतील तर ज्या बॅटीचं अंतर कमी, ती हाताला हलकी. दुकानात चार बॅटी समोर असतील तर हे जरूर करा, दोन मिनिटांचं काम आहे.

यावरूनच एक स्वस्त उपाय निघतो. बॅट थोडी टोकाकडे जड वाटत असेल तर दांड्यावर दुसरी ग्रिप चढवा. ग्रिप साधारण ४० ते ५० ग्रॅमची असते. काट्यावर बॅटीचं वजन वाढतं, पण ते वजन हातात येतं, त्यामुळे टोक हलकं झाल्यासारखं लागतं. कित्येकांची तक्रार एवढ्यावर मिटते. दांडा मात्र जाड होतो, तेव्हा पुढचं माप त्यानंतर घ्या.

दांडा आणि ग्रिप

दांडा वेताचा असतो. वेताच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून मधे रबराचे थर घालतात, तेच फटक्याचा झटका खातात. खाली तो इंग्रजी व्हीच्या आकाराने पात्यात बसवलेला असतो. दांडा गोल किंवा लंबगोल येतो. लंबगोल दांड्यात बॅटीचं तोंड कुठे आहे ते न बघताही हाताला कळतं, म्हणून नव्या पोरांना मी तोच देतो. गोल दांडा हातात सहज फिरतो, मनगटाने खेळणाऱ्यांना तो आवडतो.

जाडीचं माप वरच्या हाताने घ्या. लेदर खेळणार असाल तर ग्लोव्ह घालूनच. दांडा नेहमीसारखा धरा आणि मधलं बोट व अनामिका कुठे पोचतात ते बघा. त्यांची टोकं अंगठ्याखालच्या उंचवट्याला हलकेच टेकली किंवा केसभर अलीकडे राहिली तर दांडा बरोबर. नखं तळहातात रुतली तर बारीक. बोट मावेल एवढी फट राहिली तर जाड.

बारीक दांड्याचा त्रास लगेच लक्षात येत नाही. तो हातात फिरू नये म्हणून खेळाडू आवळून धरतो, आवळून धरलं की पुढचा हात ताठतो आणि मनगट अडकतं. चेंडू जरा कडेला लागला की बॅट हातात वळते. "माझे शॉट हवेतच का जातात" विचारत येणाऱ्यांचा दांडा मी पहिल्यांदा बघतो. यावर इलाज सोपा: एक जादा ग्रिप, किंवा ग्रिपखाली दोऱ्याचा आणखी एक थर. जाड दांड्याला आतली ग्रिप काढून बघा. तरी जाड राहिला तर बॅट बदला. वेत कानशीने घासून बारीक करायला मी कधीच तयार होत नाही, कारण घासलेला दांडा नेमका मोठ्या सामन्यात तुटतो.

आपल्याकडे मार्चपासून घामाने हात ओले असतात. गुळगुळीत रेषांची ग्रिप ओल्या हातात सरकते. आठ पायांच्या जनावराच्या नावाने मिळणारी, उठावदार ठिपक्यांची ऑक्टोपस ग्रिप, नाहीतर खोल खाचांची ग्रिप घ्या. ग्रिप बदलताना खालचा दोरा सुटला नाही ना ते बघून घ्या. सुटा दोरा आतल्या आत सरकतो आणि बॅट वळल्याचा भास होतो. ग्रिप चढवायला लाकडी कोन लागतो. नुसत्या हातांनी ओढलीत तर बहुधा फाटते. हे काम वीस-पंचवीस मिनिटांचं नाही, दोन मिनिटांचं आहे, कोन असलेल्या कुणाकडूनही करून घ्या. टेनिस खेळणाऱ्याने मोसमात दोनदा तरी ग्रिप बदलावी.

बॅटीचा मध्य आणि आपलं मैदान

बॅटीचा मध्य म्हणजे जिथे चेंडू लागला की हाताला काही कळत नाही आणि चेंडू मात्र सुसाट जातो ती जागा. शोधायचा असा: दांडा वरून दोन बोटांत सैल धरा, बॅट लोंबकळू द्या. मोगरीने किंवा जुन्या लेदर चेंडूने टोकापासून वर हलके ठोकत जा, दर वेळी दोन बोटं वर. टोकाजवळ "थप" असा बसका आवाज येतो आणि दांड्यातून मुंग्या आल्यासारखी कंपनं बोटांत चढतात. वर जाता जाता एका जागी आवाज एकदम मोकळा होतो आणि बोटांतली कंपनं थांबतात. तिथे पेन्सिलीने खूण करा. आणखी वर गेलात की कंपनं परत येतात. टोकापासून वीतभर अंतरावर खूण असेल तर मध्य मधोमध धरा, दोन बोटं खाली असेल तर खालचा, दोन बोटं वर असेल तर वरचा.

आता ही खूण तुमच्या मैदानाशी जुळवा, आणि कोकणात हे जुळवणं फार महत्त्वाचं आहे, कारण इथे दर पाच कोसांवर चेंडूची उसळी बदलते. भात कापल्यावर मळे मोकळे होतात आणि तिथे खेळपट्टी आखली जाते. माती कितीही चोपली तरी मऊच. चेंडू गुडघ्याच्या खाली राहतो, कधी सरपटतो. तिथे मध्य खाली असलेली बॅट हवी, नाहीतर प्रत्येक चेंडू टोकाजवळ लागून हात झिणझिणतो. ओहोटीला समुद्रकिनाऱ्यावर ओल्या कडक वाळूत खेळलात तर चेंडू घसरत येतो, तिथेही हेच. देवगड-रत्नागिरीकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, केलेल्या सिमेंटच्या पट्टीवर टेनिसचा चेंडू छातीपर्यंत उडतो. तिथे मध्य वर असलेली बॅट कमरेवरचे फटके सुंदर मारते, आणि मळ्यात धावांचा पाऊस पाडणारा फलंदाज खालच्या मध्याची बॅट घेऊन सड्यावर गेला की चेंडू बॅटीच्या खांद्याला लागून पॉइंटला झेल जातात. स्पर्धांसाठी गावोगाव फिरत असाल तर मधोमध मध्य असलेली बॅट घ्या. एकाच मैदानावर खेळत असाल तर त्या मैदानाची घ्या.

लाकडाबद्दल थोडक्यात. इंग्लिश विलो फिकट पांढरा आणि मऊ, काश्मीर विलो किंचित तपकिरी, कडक आणि त्याच आकाराला जरा जड. इंग्लिश विलोच्या तोंडावर सरळ रेषा मोजतात. रेषा जास्त असतील तर झाड जुनं, बॅट लवकर बोलायला लागते, पण लवकर झिजतेही. सहा ते दहा सरळ रेषा पुष्कळ झाल्या. काश्मीर विलोत रेषा मोजत बसू नका, आवाज ऐका आणि टोकाला, कडांना केसासारखी चीर नाही ना ते उजेडात बघा. काठाजवळची गाठ टाळा. पाठीवरच्या छोट्या डागाला घाबरू नका.

घरातली बॅट मापात आणता येते का

काही अंशी. जड बॅटीच्या पाठीवरून रंधा आणि काचकागदाने ३०-४० ग्रॅम काढता येतात. विलो हलकं लाकूड, त्यामुळे एवढ्यासाठीसुद्धा भुशाचा चांगला ढीग पडतो. लाकूड पाठीवरून काढायचं, तोंडावरून कधीही नाही. तोंडावरचा दाबलेला थर गेला की बॅट संपली. पाठीच्या मधल्या उंच कण्याच्या दोन्ही बाजूंनी सारखं काढायचं आणि दर थोड्या वेळाने बोटावर तोलून बघायचं. उचल सुधारायची असेल तर मध्याच्या खालून, टोकाकडून काढावं.

लहान पोरासाठी लांबी कमी करायची असेल तर टोकाकडून अर्ध्या इंचापर्यंत कापता येतं. त्याने टोकाचं वजन जातं आणि उचल हलकी होते. पण टोकापासून मध्य तेवढाच जवळ येतो, म्हणून अर्ध्या इंचाच्या पुढे मी जात नाही. कापलेलं टोक उघडं ठेवू नका, त्यातून पाणी शिरतं. रबरी टो-गार्ड चिकटवून घ्या. दांडा वरून कापणं हा दुसरा मार्ग, तो बॅटीला कमी त्रासाचा, फक्त दोन्ही हातांना जागा उरली पाहिजे. मोठ्यांची बॅट कापून ४ नंबरची करून द्या म्हणणारे येतात, त्यांना मी परत पाठवतो. पातं रुंद आणि जाड तेच राहतं, वजनही फारसं उतरत नाही, पोराला त्याचा काही उपयोग होत नाही.

मामा मुंबईत, भाचा गावात

आपल्याकडे निम्म्या बॅटी अशाच येतात. धोबीतलावाच्या दुकानांत निवड मोठी आहे, भावही बरा मिळतो, पण बॅट धरणारा हात चारशे-पाचशे किलोमीटरवर असतो. तेव्हा मामाला फोनवर "चांगली बघून आण" एवढंच सांगू नका. एका कागदावर लिहून फोटो पाठवा: अनवाणी उंची, आत्ताच्या बॅटीची लांबी, दांड्याच्या टोकापासून पात्याच्या टोकापर्यंत, तिचं किराणा काट्यावरचं वजन, ग्रिपसकट, बोटावर तोलल्यावर आलेलं अंतर, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी, चेंडू कुठला, मैदान मळ्याचं की सड्याचं. आणि आत्ताची बॅट वीस मिनिटांनंतर जड लागते, हलकी लागते की बरोबर लागते, ते. या शेवटच्या ओळीवरून दुकानदार पन्नास ग्रॅम वर जायचं की खाली ते ठरवू शकतो. मोबाइलवर चित्र दाखवत बोलता येतं, तर मामाने दुकानातूनच तीन बॅटी बोटावर तोलून दाखवाव्यात आणि भाच्याने बघावं. बदलून देणार का ते आधी विचारून घ्या, आणि घरी आल्यावर तिन्ही चाचण्या होईपर्यंत चेंडू लावू नका, स्टिकर काढू नका. एक डाग पडला की दुकानदार परत घेत नाही.

मुलींसाठी वेगळी बॅट मागायची गरज नाही. माप तसंच घ्यायचं. फक्त भावाची बॅट वापरून दाखवलेली "बरोबर लागते" ही खूण धरू नका, कारण तिला दुसरी बॅट धरायलाच मिळालेली नसते. तिला तीन वजनं हातात द्या आणि वीस मिनिटांची चाचणी तिन्हींवर घ्या.

मापाची बॅट मापातच ठेवणं

लेदरची नवी बॅट थेट सामन्याला नेऊ नका. कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात तोंडाला, कडांना आणि टोकाला द्या, दांड्याच्या सांध्याला नाही. रात्रभर आडवी ठेवा, उभी ठेवलीत तर तेल टोकात उतरतं. तेलाचे दोन-तीन पातळ हात पुरे. जास्त तेलाने बॅट जड होते आणि मेहनतीने निवडलेलं वजन वाया जातं. मग मोगरीने, आधी हलक्या हाताने आणि हळूहळू जोर वाढवत, कडा किंचित गोल होईपर्यंत ठोका. एकूण पाच-सहा तासांचं काम, रोज थोडं थोडं. पुढे जुन्या चेंडूने झेल दिल्यासारखे फटके, आणि मगच नवा चेंडू. टेनिसच्या बॅटीला एवढं लागत नाही.

पावसाळा हा कोकणातल्या बॅटीचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर हवेतली ओल लाकडात शिरते, टोक फुगतं, बॅट भरते. जमिनीवर उभी ठेवू नका, भिंतीलाही टेकवू नका. शेण-सारवणाची असो की लाद्यांची, जमीन घाम सोडतेच. चुलीवरच्या माळ्यावरही नको, तिथे लाकूड इतकं सुकतं की पहिल्याच फटक्याला चिरतं. कोरड्या खोलीत, फळीवर आडवी, सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि दांड्याला बुरशी धरते. गणपतीनंतर बाहेर काढली की आधी काट्यावर ठेवा. मे महिन्यातल्या वजनापेक्षा जास्त भरली तर सावलीत, वारा लागेल अशी दोन आठवडे ठेवा आणि पुन्हा वजन करा, उन्हात टाकू नका. त्याच दिवशी पोराची उंचीही मोजून घ्या. चार महिन्यांत इंचभर वाढलेला असेल तर लांबीचं माप पहिल्यापासून घ्यायचं.